घरी पिल्लं काढली की कोंबडेच जास्त होतात: काय तपासायचं, कुठे थांबायचं

लक्षणं

अडीच-तीन महिन्यांची पिल्लं पहाटे घोगऱ्या, अर्धवट आवाजात आरवायला लागली आहेत. दोन-तीन कोंबड्यांच्या पाठीवरची आणि डोक्यामागची पिसं तुटून कातडी उघडी पडली आहे. सकाळी दार उघडलं तरी काही कोंबड्या दांड्यावरून खाली येत नाहीत, आल्या तर कोपरा धरून बसतात. तुऱ्यांवर वाळलेल्या रक्ताचे ठिपके आहेत. खाद्याचं पोतं लवकर संपतं, अंडी मात्र तेवढीच. आणि शेजारून पहिला निरोप येऊन गेला आहे.

यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसत असतील तर खुराड्यात नर जास्त झाले आहेत असं समजा. नुसती उघडी पाठ मात्र फसवते. पिसांचे दांडे मधूनच मोडलेले असतील तर ते कोंबड्याच्या पंजाचं काम. जुनी पिसं मुळासकट गळून त्याजागी नवे टोकदार खुंट फुटत असतील तर कोंबडी कात टाकते आहे, कोंबड्याचा दोष नाही. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरट गठ्ठे चिकटलेले दिसले तर त्या उवांच्या लिखा. त्याचा इलाज वेगळा, आणि तो आधी करायचा.

कोंबडे जास्त का निघतात

जास्त निघत नाहीत. निम्मे निघतात, आणि निम्मे म्हणजेच घरच्या खुराड्याला खूप होतात.

पक्ष्यांमध्ये पिल्लू नर की मादी हे आईकडून ठरतं. कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, कोंबड्याकडे दोन्ही झेड. बलक अंडाशयातून सुटतो त्या सुमारालाच त्यात यातलं कुठलं जाणार हे पक्कं होतं. कवच चढून अंडं बाहेर यायला त्यानंतर साधारण एक दिवस लागतो. म्हणजे अंडं तुमच्या हातात येतं तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. खुडूक कोंबडी बदला, इन्क्युबेटर बदला, त्याला आता काही होत नाही.

दुसरी गोष्ट छोट्या खेपेची. आठ पिल्लांत नेमके चार नर आणि चार माद्या निघण्याची शक्यता चारात एकदाची आहे. पाच किंवा जास्त नर निघणं तीन खेपांत एकदा घडतंच, आणि सहा किंवा जास्त नर सात खेपांत एकदा. त्यामुळे ‘यंदा सगळे कोंबडेच आले’ असं झालं तर अंडी देणाऱ्याने फसवलं असं लगेच मानू नका. पन्नास पिल्लं काढणाऱ्याकडे हा हेलकावा दिसत नाही, आठ काढणाऱ्याकडे दर वर्षी दिसतो.

म्हणून अंडी बसवण्याआधीच नरांचं काय करायचं हे ठरलेलं हवं. पुढच्या तपासण्या मुख्यतः ज्यांचे कोंबडे आधीच मोठे झाले आहेत त्यांच्यासाठी आहेत. बिनखर्चाच्या आधी, अवघड शेवटी.

१. खरंच कोंबडे आहेत का? (खर्च काही नाही)

घाईत मादी विकून नर ठेवल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. एका दिवसाच्या गावरान पिल्लाकडे पाहून काही सांगता येत नाही. लेयर (अंड्यांच्या जातीची) पिल्लं काढणाऱ्या हॅचऱ्यांमध्ये पंखांच्या लांबीवरून नर-मादी वेगळे करतात, पण त्यासाठी आईबापांची जात मुद्दाम तशी जुळवलेली असते. शिवाय ती खूण पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसते. गावरान पिल्लाचे पंख उलगडून पाहण्यात अर्थ नाही.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात तुरा पाहा. एकाच वयाच्या पिल्लांत काहींचा तुरा रुंद आणि गुलाबी-लाल होतो, बाकीच्यांचा बारीक आणि पिवळसर राहतो. लाल तुऱ्याचे बहुतेक नर. ‘बहुतेक’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. वेगवेगळ्या जातींची पिल्लं एकत्र असतील तर एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या नरापेक्षा लाल दिसू शकते. तुलना एकाच जातीत, एकाच खेपेत करा. कडकनाथात तर तुरा काळसर असल्यामुळे ही खूण धडपणे चालतच नाही.

खात्रीची खूण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात मिळते, आणि ती पिसात असते. पिल्लू संध्याकाळी दांड्यावर बसलं की हळूच धरा, काखेत घ्या आणि शेपटीच्या थोडं अलीकडे, कमरेवरचं एक पीस दोन बोटांत धरून उजेडात बघा. मादीचं पीस टोकाला गोल असतं, रंग मंद, कडा एकसंध. नराचं पीस लांबट आणि भाल्यासारखं निमुळतं, वरून चकाकतं, आणि कडेला बारीक मोकळे धागे सुटलेले दिसतात. मानेवरही तसंच. कमरेवर असं एक जरी टोकदार, चकाकणारं पीस सापडलं तर तो कोंबडा. तुरा काहीही म्हणो, कडकनाथ असो की गिरिराज, हे पीस खोटं बोलत नाही.

पायामागच्या काट्यावर विसंबू नका. वयस्क माद्यांनाही काटा येतो. आरवण्याचंही तसंच. कोंबडा नसलेल्या खुराड्यात एखादी दांडगी कोंबडी आरवल्यासारखा आवाज काढते.

ओळखलेल्या नराच्या पायात रंगीत रिंग घाला, म्हणजे दर वेळी पकडापकडी नको. प्लॅस्टिकची केबल टाय चालते, पण आत करंगळी जाईल इतकी सैल ठेवा आणि वाढत्या पक्ष्याची दर आठवड्याला पाहा. विसरलेली टाय महिन्याभरात पायात रुतते.

२. हे प्रयोग बंद करा (खर्च वाचतो)

टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, हे खरं नाही. एकाच कोंबडीची अंडी तिच्या अंगठेवणीप्रमाणे जवळपास एकाच आकाराची येतात, आणि त्यातून दोन्ही निघतात. दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर फिरवणं, हवेचा कप्पा मधोमध आहे की बाजूला हे पाहणं, पिल्लाला मानेने उचलून पाय आखडतं का बघणं, सगळं त्याच पंगतीतलं. शेवटच्यात तर पिल्लाला इजा होते.

नुकसान सगळ्यात जास्त करणारा समज तापमानाचा. ‘इन्क्युबेटर थोडा गार ठेवला की माद्या जास्त’ असं ऐकून लोक खटपट करतात. मगर आणि कासवांमध्ये उबेवरून लिंग ठरतं, कोंबडीत नाही. पंखा असलेल्या इन्क्युबेटरला ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के, आणि १८ व्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत. यात मुद्दाम फेरफार केला तर माद्या वाढत नाहीत, पिल्लं अंड्यात मरतात, आणि जी निघतात त्यांची नाळ नीट मिटत नाही किंवा पाय अधू राहतात.

रस्त्यावर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकतात ती पिल्लं मुलांच्या हट्टापायी घरी येतात. ती बहुतेक लेयर हॅचरीने बाजूला काढलेले नरच असतात. अंड्यांच्या आशेने ती घेऊ नका.

३. तुम्हाला कोंबडा हवाच आहे का?

हा प्रश्न विचारला तरी अर्धी अडचण सुटते, कारण कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी देत नाही असा समज अजून आहे. कोंबडी कोंबड्याशिवायही तेवढीच अंडी देते. फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. अंडी घरी खाण्यासाठीच हवी असतील तर एकही कोंबडा ठेवायची गरज नाही. उलट फलित नसलेलं अंडं उन्हाळ्यात जास्त टिकतं. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा फलित अंड्यात बाहेर ठेवल्या ठेवल्या रक्ताच्या रेषा दिसायला लागतात.

पिल्लं काढायची असतील तर आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. घरी पाच कोंबड्या असतील तर एकच ठेवा. दोन ठेवले तर ते आपसात भांडतात आणि कोंबड्यांवर दुप्पट चढतात. कोंबडा काढून टाकल्यावरही दीड-दोन आठवडे फलित अंडी मिळत राहतात, कारण कोंबडी शुक्राणू साठवून ठेवते. वर्षातून एकदाच पिल्लं काढणाऱ्याने ओळखीतल्या मळ्यावरून कोंबडा पंधरा दिवसांसाठी आणला तरी भागतं. मात्र येणारा पक्षी आधी दोन आठवडे वेगळा ठेवून मगच मिसळायचा. मानमोडी (राणीखेत) आणि कोंबड्यांच्या देवी हे रोग अशाच पाहुण्यांबरोबर घरात येतात.

कुठला ठेवायचा? माणसाच्या अंगावर न येणारा, दाणा दिसला की आधी कोंबड्यांना बोलावणारा, पाय सरळ असलेला. अंगावर धावणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही. काट्याची झेप सरळ मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीला येते.

४. वेगळे करा

आठव्या ते दहाव्या आठवड्यात, आरवणं आणि चढणं सुरू होण्याआधी, नर वेगळे काढा. याच वयात मानमोडीची आर-टू-बी लस द्यायची असते. लस आणि जागाबदल एकाच दिवशी करू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या, दोन्हींचा ताण एकदम नको. लशीची बाटली शंभर-दोनशे मात्रांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आसपासच्या दोन-चार घरांनी मिळून एक घेतली तर परवडते.

एकत्र वाढलेले नर कोंबड्यांपासून लांब ठेवले तर बरेच शांत राहतात. भांडण मुख्यतः माद्यांवरून असतं. जाळीपलीकडे कोंबड्या दिसत राहिल्या तर उपयोग नाही. मध्ये गोणपाट किंवा पत्रा लावा. आत प्रत्येकी निदान तीन चौरस फूट, बाहेर फिरायला आठ-दहा. दाण्याची भांडी दोन, एकमेकांपासून लांब. मधोमध जुना पत्रा किंवा प्लायचा तुकडा उभा करा, म्हणजे मागे लागलेल्याच्या नजरेआड व्हायला दबलेल्याला जागा मिळते. ही एवढी आडोशाची सोय रक्तपात थांबवते, आणि बहुतेक जण नेमकी तीच विसरतात. गादीला भाताचं तूस घाला. इगतपुरी-घोटीच्या भात गिरण्यांमुळे आपल्याकडे ते सहज मिळतं.

एकदा बाहेर काढलेला नर आठवड्याने परत त्याच टोळीत सोडू नका. तोवर त्यांची उतरंड नव्याने लागलेली असते, आणि परत आलेल्याला सगळे मिळून फोडतात.

खाद्यही वेगळं लागतं. लेयर मॅशमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. ते अंड्याच्या कवचासाठी. नराला आणि वाढत्या पिल्लाला त्याचा उपयोग नसतो, मूत्रपिंडं खराब होतात, सांध्यात पांढरा खडूसारखा साका जमतो. नरांना ग्रोअर मॅश द्या. सगळे एकत्रच असतील तर सगळ्यांना ग्रोअर घालून शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या कोंबडीला हवा ती खाते.

हिशेबही इथेच मांडा. तीन महिन्यांवरचा नर दिवसाला ८० ते १०० ग्रॅम खातो, म्हणजे महिन्याला जवळपास तीन किलो. पाच नर म्हणजे पंधरा किलो. तुमच्या दुकानातला भाव लावून बघा, मग ‘राहू दे अजून दोन महिने’ म्हणणं सोपं जात नाही.

५. कोंबड्यांच्या जखमा

पाठ नुसती उघडी असेल तर कोंबडा दूर केल्यावर पिसं आपोआप येतात. मोडके दांडे कातडीत असेपर्यंत नवं पीस फुटत नाही, त्यामुळे पुढच्या कातीपर्यंत धीर धरा. दांडे ओढून काढू नका, रक्त येतं आणि बाकीच्या कोंबड्या त्यावर चोची मारतात. कोंबडा दूर करणं शक्य नसेल तर जुन्या जीन्सच्या कापडाचा झूल शिवा. साधारण १५ बाय १८ सेंटिमीटर, पंखांभोवती इलॅस्टिकच्या दोन कड्या. तीन-चार आठवडे पुरे. खाली उवा होतात म्हणून दर आठवड्याला उचलून पाहा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात घालू नका.

ओरखडे असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरला दोन लहान चमचे मीठ घालून धुवा, वर पोविडोन आयोडीन लावा, आणि जखम सुकेपर्यंत कोंबडी वेगळी ठेवा. हळद-तेलाचा लेप नको. त्याला भुसा चिकटतो आणि आत ओल राहते. पंख उचलून बगलेत पाहायला विसरू नका. सगळ्यात खोल चिरा तिथेच असतात, बाहेरून पिसांनी झाकलेल्या. पावसाळ्यात अशा चिरेत एका दिवसात अळ्या पडतात. अळ्या दिसल्या तर घरचे उपाय नकोत, पशुवैद्याकडेच.

ठेवलेल्या कोंबड्याच्या नखांची टोकं नेलकटरने जराशी बोथट करा, काट्याचं फक्त टोक कानशीने घासा. आत रक्तवाहिनी असते. चुकून रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरा.

६. आरवणं

इथे अपेक्षा आवरलेल्या बऱ्या. कोंबडा उजेड पाहून आरवतो हे अर्धंच खरं आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठात २०१३ मध्ये झालेल्या प्रयोगात कोंबडे मंद, न बदलणाऱ्या उजेडात ठेवले, तरी ते शरीरातल्या घड्याळाप्रमाणे पहाटेच्या आधी आरवत राहिले. त्यामुळे खुराड्याला काळा कपडा लावल्याने रस्त्यावरच्या दिव्याने किंवा गाडीच्या झोताने उठणारं आरवणं कमी होईल, पहाटेचं थांबणार नाही. आणि कपड्याने हवा कोंडली तर उन्हाळ्यात पक्षी मरेल.

मानेला बांधायचे पट्टे विकत मिळतात. घट्ट बांधला तर श्वास कोंडतो, सैल बांधला तर आवाज तसाच. नका वापरू. मान वर करता येऊ नये म्हणून बुटक्या पेटीत कोंडणंही नको.

जे काही प्रमाणात चालतं ते असं: एकच कोंबडा ठेवणं, कारण एकाला ऐकून दुसरा उत्तर देतो. खुराडं शेजारच्या भिंतीपासून लांब, शेजाऱ्यांच्या खिडकीकडे पाठ करून ठेवणं. भिंतीला आतून कोंड्याची जुनी पोती टांगणं. याने आवाज मंदावतो, जात नाही. जवळून कोंबड्याचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. रो-हाऊसच्या रांगेत, सोसायटीत किंवा गच्चीवर कोंबडा ठेवून हा वाद जिंकता येत नाही. तिथे माद्याच पाळा. पहिला निरोप आला की आठवडाभरात कोंबडा हलवा. शेजारच्या काकूंना दोन अंडी नेऊन देण्याने पंधरा दिवस निघतात, वर्ष निघत नाही.

७. कोंबडे कुठे जाणार

गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक आहे, फक्त वेळ साधावी लागते. आखाडात मागणी सगळ्यात जास्त असते. आखाड संपून श्रावण लागला की बाजार एकदम बसतो, आणि मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र असं करत ती मागणी दसऱ्यापर्यंत धडपणे उठत नाही. श्रावणात तयार झालेला कोंबडा दोन-अडीच महिने फुकट खातो.

म्हणून उलटा हिशेब करा. गावरान नर विकण्याजोगा, म्हणजे सव्वा-दीड किलोचा, व्हायला साडेपाच-सहा महिने लागतात. त्यात उबवणीचे २१ दिवस मिळवा. आखाडाच्या मध्यापासून मागे मोजलं तर अंडी डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला बसवायला हवीत. गिरिराज-वनराजसारखे सुधारित पक्षी साडेतीन-चार महिन्यांत दीड-दोन किलो भरतात, त्यांची अंडी फेब्रुवारीत बसवली तरी चालतात. ज्येष्ठात किंवा त्याआधी अधिक मास येतो त्या वर्षी आखाड पुढे सरकतो. तेव्हा पंचांग पाहूनच दिवस मोजा.

जानेवारीच्या पिल्लांना एक किंमत मोजावी लागते, ती थंडीची. निफाडच्या पट्ट्यात तेव्हा पारा एक आकड्यावर येतो. ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बखाली, पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश हवेतच, पुढे दर आठवड्याला तीन अंश उतरवायचे. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढत असतील तर गारठली आहेत, कडेला पांगून चोच उघडून धापत असतील तर तापली आहेत. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. रात्री वीज गेली तर काय, याची सोय अंडी बसवायच्या आधी.

विकताना पाय बांधून हँडलला उलटं टांगून नेऊ नका. ते क्रूर आहे, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतं. झाकणाची डालपाटी किंवा भोकं पाडलेलं खोकं घ्या, पहाटे निघा. लढाऊ कोंबडा म्हणून जास्त भाव देऊ करणाऱ्याला विकू नका. झुंजी लावणं याच कायद्याने गुन्हा आहे. बाजारातून न विकता परत आलेला पक्षी थेट खुराड्यात सोडू नका, दोन आठवडे बाजूला ठेवा.

घरी खायचा असेल तर आरवायला लागल्यावर फार दिवस थांबू नका. जितका जुना तितका चिवट. कापल्यावर लगेच शिजवलं तर मांस ताठ राहतं. साफ करून फ्रिजमध्ये एक दिवस ठेवा, मग मंद आचेवर किंवा कुकरला नेहमीपेक्षा तीन-चार शिट्ट्या जास्त. काळ्या मसाल्याच्या रश्श्याला हाच कोंबडा लागतो, ब्रॉयलरने ती चव येत नाही.

आणि एक विनंती. नको झालेला कोंबडा पांडवलेणीच्या पायथ्याशी, गंगापूर धरणाच्या काठी किंवा एखाद्या देवळात सोडून येऊ नका. ‘मोकळा सोडला’ असं वाटतं, पण घरात वाढलेला पक्षी एक-दोन रात्रींत कुत्र्याच्या नाहीतर बिबट्याच्या तोंडी जातो. दिंडोरी-निफाडच्या उसात बिबटे आहेतच, त्यांना वस्तीकडे यायला आणखी एक कारण आपण देऊ नये.

८. पुढच्या खेपेला (वेळ आणि थोडी शिकवण लागते)

सोपा मार्ग: अंडी बसवूच नका, अडीच-तीन महिन्यांच्या ओळखू येणाऱ्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, विकत घ्या. महाग वाटतात, पण एका तलंगेच्या किमतीत तुम्ही एका नराचं खाद्य आणि शेजाऱ्यांशी भांडण वाचवता. घेताना कमरेवरचं पीस स्वतः पाहा.

घरीच काढायची तर हव्या असलेल्या माद्यांच्या तिप्पट अंडी बसवा. सहा माद्यांसाठी अठरा अंडी. काही फलित नसतात, काही मरतात, बारा-तेरा पिल्लं निघतात, त्यांत निम्म्या माद्या. म्हणजे सहा नरही येणार. त्यांची जागा, खाद्य आणि गिऱ्हाईक आज सांगता येत नसेल तर अंडी कमी बसवा.

तिसरा मार्ग रंगावरून ओळखण्याच्या संकराचा. पट्टेरी पिसांचा गुण झेड गुणसूत्रावर असतो. आई पट्टेरी, म्हणजे अस्सल बार्ड प्लायमाउथ रॉक, आणि बाप बिनपट्ट्यांचा र्‍होड आयलंड रेड किंवा ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प, अशी जोडी लावली की आईचं एकुलतं झेड फक्त नर पिल्लांकडे जातं. पिल्लं सगळी काळीच निघतात, पण नरांच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो, माद्यांचं डोकं सबंध काळं. पहिल्याच दिवशी वेगळे करता येतात. जोडी उलटी लावली, म्हणजे बाप पट्टेरी, तर सगळीच पिल्लं पट्टेरी होतात आणि काही कळत नाही. बाप पांढरा लेगहॉर्न असेल तर पांढरा रंग सगळं झाकून टाकतो. आपल्याकडची ठिपक्यांची, कवड्या रंगाची गावरान कोंबडी दिसायला जवळची वाटली तरी तिच्यात हा गुण असेलच असं नाही. आणि या संकराच्या पिल्लांची पुढची पिढी ठिपक्यावरून ओळखता येत नाही. दर वेळी मूळ आईबापच लागतात.

पहिल्या वीस पिल्लांवर भरवसा ठेवू नका. ठिपक्याच्या पिल्लांना रिंग घाला, बाराव्या आठवड्यात कमरेच्या पिसाशी ताडून पाहा, तिथे जुळलं तरच पुढच्या खेपेपासून पहिल्या दिवशी निवड करा. यातही नर निम्मेच निघतात. फक्त ते तीन महिन्यांऐवजी पहिल्या दिवशी कळतात, आणि फक्त नर वाढवणाऱ्याला लहानपणीच देता येतात.

इथे थांबा

एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार उलटून नर-मादी पाहण्याची पद्धत व्हिडिओ बघून करू नका. शिकलेल्या माणसालाही ती हातात बसायला बराच सराव लागतो. चुकीच्या दाबाने पोटातला बलक फुटून पिल्लू मरतं.

कोंबडा खच्ची करणं घरी कधीही नाही. त्याची वृषणं पोटात, पाठीच्या कण्याला लागून, मोठ्या रक्तवाहिनीच्या शेजारी असतात. बरगड्यांमधून चिरून ती काढणं ही शस्त्रक्रिया आहे आणि भूल न देता केली तर निव्वळ छळ.

नको असलेली नर पिल्लं पाण्यात बुडवणं किंवा पिशवीत कोंडणं हा उपाय नाही. जगण्याजोगं नसलेलं पिल्लू असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मोठा कोंबडा कापण्याची सवय नसेल तर सराईत खाटकाकडे द्या. अर्धवट हाताने पक्ष्याचे हाल होतात.

सोसायटीकडून लेखी नोटीस आली, तर तोंडी वाद घालत बसू नका. नाशिक महापालिकेचं तुमचं विभागीय कार्यालय पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सिडको, सातपूर यांपैकी जे असेल तिथे पाळण्याबाबतचे नियम लेखी विचारा, आणि तोवर कोंबडा हलवून ठेवा.

आणि मान वाकडी होणं, हिरवी पातळ विष्ठा, तुरा-कल्ले निळसर पडणं, एका-दोन दिवसांत बरेच पक्षी मरणं यातलं काही दिसलं, तर ते कोंबड्यांच्या मारामारीतून झालेलं नाही. मानमोडी असेल किंवा बर्ड फ्लू. त्या क्षणी विक्री बंद, कापणं बंद, पक्षी इकडून तिकडे नेणं बंद. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात टाकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा, आणि माणूस येईपर्यंत खुराड्याचं दार बंद ठेवा.